भिक्षूची पायवाट आणि वानराची उडी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामात मुलांचे शिबिर भरले होते. दुपारच्या जेवणानंतर मंडपामागे गलका ऐकू आला, म्हणून आम्ही तिकडे गेलो. दहा-अकरा वर्षांची दोन मुले समोरासमोर उभी होती. एकाने गुडघे किंचित वाकवले, दोन्ही तळहात कमरेपाशी ओंजळीसारखे धरले, एक लांबलचक परका शब्द अक्षर-अक्षर सुटे करून उच्चारला आणि तळहात एकदम पुढे लोटले. अंगाला बोटही लागले नसताना दुसरा मुलगा धुळीत कोसळला. आम्ही दोघांनाही उभे केले आणि हे मारामारीचे परदेशी खूळ कोठून आणले म्हणून चांगलेच खडसावले. पडलेला मुलगा कपडे झटकीत म्हणाला, "फादर, तो गोकू झालाय. गोकू माकड आहे, पण चांगलं माकड आहे."

त्या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो, हे कबूल केले पाहिजे. हे चांगले माकड कोण आणि ते आमच्या मुलांच्या मनात कसे शिरले, याचा शोध घ्यावा असे वाटले. तो शोध आम्हाला जपानला घेऊन गेला, तेथून चीनमध्ये, आणि अखेरीस, आमच्या ध्यानीमनी नसताना, सातव्या शतकातील महाराष्ट्राच्या दाराशी येऊन थांबला. ज्याला आम्ही परके म्हणून हाकलू पाहत होतो, त्याच्या कुळीचा मूळपुरुष एकदा आपल्याच भूमीतून चालत गेला होता.

मुले ज्या मालिकेचा खेळ खेळत होती तिचे नाव ‘ड्रॅगन बॉल’. अकिरा तोरियामा या जपानी चित्रकाराने १९८४ साली एका साप्ताहिकात ही चित्रकथा सुरू केली आणि १९९५ पर्यंत ती चालवली. ५१९ प्रकरणांची ही कथा पुढे ४२ खंडांत प्रसिद्ध झाली. तोएई या संस्थेने तिच्यावरून केलेली चलत्चित्र-मालिका फेब्रुवारी १९८६ पासून जपानी दूरचित्रवाणीवर दिसू लागली. तिचे १५३ भाग झाले. तिचाच पुढचा टप्पा म्हणजे ‘ड्रॅगन बॉल झेड’. त्याचे २९१ भाग १९८९ ते १९९६ या काळात प्रसारित झाले. आपल्याकडे कार्टून नेटवर्क वाहिनीवरून हीच मालिका घराघरांत पोहोचली. तोरियामा १ मार्च २०२४ रोजी वयाच्या ६८ व्या वर्षी निवर्तले, तेव्हा वडिलांच्या वयाला पोहोचलेल्या माणसांनीही जगभर हळहळ व्यक्त केली.

कथेचा नायक सोन गोकू हा शेपूट असलेला एक रानटी, निष्पाप आणि अचाट बळाचा मुलगा. त्याच्या हाती इच्छेनुसार लांब होणारी काठी असते आणि पुढे बसायला उडता ढग मिळतो. सात जादूचे गोळे एकत्र केले की एक महानाग प्रकट होऊन कोणतीही एक इच्छा पुरी करतो, म्हणून ते गोळे शोधायला तो बुल्मा नावाच्या मुलीबरोबर निघतो. वाटेत रूप बदलणारे एक डुक्कर आणि वाळवंटातला एक दरोडेखोर त्यांना मिळतात. जपानी वा चिनी वाचकाला येथे काही सांगावे लागत नाही. ‘सोन गोकू’ हा ‘सुन वुकोंग’ या चिनी नावाचाच जपानी उच्चार. त्यातील ‘वुकोंग’ म्हणजे शून्यतेचा बोध झालेला. बौद्ध भिक्षूला शोभणारे हे नाव एका वानराचे आहे. आणि त्या वानराच्या पुढे चालणारा भिक्षू मात्र काल्पनिक नाही.

एकटा भिक्षू

इ. स. ६२९ च्या सुमारास ह्युएनत्संग नावाचा तरुण चिनी भिक्षू छांगआन या राजधानीतून, म्हणजे आजच्या शिआनमधून, पश्चिमेकडे निघाला. चिनी भाषेतील धर्मग्रंथांच्या भाषांतरांत त्याला विसंगती दिसत होत्या; मूळ ग्रंथ मूळ भाषेत वाचावेत म्हणून त्याला भारतात जायचे होते. देशाबाहेर जाण्यास बंदी होती, त्यामुळे तो गुपचूप निघाला. गोबीच्या वाळवंटात त्याची वाट चुकली आणि पाण्याची पखाल हातून निसटून सारे पाणी वाळूत गेले. तो काही अंतर मागे फिरला. मग त्याला आपली प्रतिज्ञा आठवली. पूर्वेला परतून जगण्यापेक्षा पश्चिमेला जाताना मरण आलेले बरे, असे म्हणून त्याने पुन्हा तोंड वळवले. चार रात्री आणि पाच दिवस त्याला पाण्याचा थेंब मिळाला नाही, असे त्याचा चरित्रकार सांगतो. त्याच्याबरोबर वानर नव्हता आणि जादूची काठीही नव्हती. होते ते फक्त पाय आणि निश्चय.

नालंदा येथे त्याने वृद्ध आचार्य शीलभद्रांच्या पायाशी बसून अध्ययन केले. त्यानंतर भारतभर फिरत असताना, ६४१ च्या सुमारास, तो महाराष्ट्रात आला. तेव्हा येथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. उत्तरेचा सम्राट हर्ष यालाही ज्याने दाद दिली नाही, तो हाच राजा; ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात रवीकीर्ती या कवीने त्या विजयाचे वर्णन केले आहे. ह्युएनत्संगाने आपल्या प्रवासवर्णनात या भागातील लोकांचे जे चित्र काढले आहे, ते प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी वाचावे असे आहे. लोक उंच, साधे आणि मानी आहेत, असे तो म्हणतो. उपकार करणाऱ्याशी ते कृतज्ञ असतात, अपमान करणाऱ्याचा सूड घेतात, आणि संकटातला माणूस मदतीला हाक मारील तर स्वतःचा विचार न करता धावून जातात. सूड घेण्यापूर्वी ते शत्रूला तशी सूचना देतात. मग दोघेही शस्त्र घेऊन उभे राहतात. पळणाऱ्याचा पाठलाग करतात, पण शरण आलेल्याला मारीत नाहीत. पराभूत सेनापतीला शिक्षा होत नाही. त्याला स्त्रीची वस्त्रे दिली जातात. लढाईपूर्वी मद्य पिऊन बेभान होणारे वीर आणि मद्य पाजलेले हत्ती यांचेही वर्णन त्याने केले आहे. याच प्रांताच्या पूर्वेकडील डोंगरात कोरलेल्या एका भव्य विहाराची आणि त्याच्या दाराबाहेरील दगडी हत्तींची त्याने नोंद केली. ते वर्णन अजिंठ्याचे आहे, असे अभ्यासक मानतात.

६४५ साली तो ६५७ ग्रंथ घेऊन मायदेशी पोहोचला. सिंधू ओलांडताना काही पोथ्या पाण्यात गेल्या होत्या, त्यांच्या नकला मागवण्यासाठी त्याला वाटेत थांबावे लागले होते. जो चोरून गेला होता त्याचे स्वागत करायला राजधानीचे रस्ते माणसांनी फुलून गेले. उरलेली सुमारे १९ वर्षे, ६६४ साली मृत्यू येईपर्यंत, त्याने भाषांतरात घालवली.

आमच्या वाचकांना येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. ह्युएनत्संग भारतात ग्रंथ शोधत फिरत असताना, ६३५ साली, आलोपेन नावाचा ख्रिस्ती धर्मप्रचारक पश्चिमेकडून त्याच छांगआन नगरात पोहोचला. त्याच्याही सामानात धर्मग्रंथच होते. थाय-त्सुंग सम्राटाने ते ग्रंथ भाषांतरित करून घेतले आणि ६३८ साली त्या धर्माच्या प्रसाराला अनुमती दिली. शिआन येथील ७८१ सालच्या शिलालेखावर हा वृत्तांत कोरलेला आहे. सात वर्षांनी त्याच सम्राटाने परतलेल्या ह्युएनत्संगाला सन्मानाने भेटीस बोलावले. एकाच दशकात, एकाच राजाच्या दारी, दोन दिशांनी दोन माणसे पायी चालून आली आणि दोघांच्याही हाती पुस्तके होती.

वानर कोठून आला?

मोठ्या माणसाची पायवाट लोकांच्या तोंडी गेली की तिला फांद्या फुटतात. बाजारात गोष्टी सांगणाऱ्या कथेकऱ्यांनी या भिक्षूभोवती राक्षस, भुते आणि चमत्कार उभे केले. सोंग राजवटीच्या काळात रचलेली मानली जाणारी एक कथा क्योतोच्या कोझान-जी मठात जपली गेली. तिच्यात भिक्षूला वाट दाखवणारा वानर प्रथमच ठसठशीतपणे दिसतो.

हा वानर आला कोठून, यावर विसाव्या शतकातील दोन थोर चिनी पंडितांचे मतभेद झाले. हू शी यांनी त्याचा संबंध रामायणातील हनुमंताशी जोडला, तर लू शुन यांनी चीनमधल्याच एका जुन्या वानररूपी जलदैत्याकडे बोट दाखवले. हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही आणि तो मिटवणे आमच्या आवाक्यातले नाही. परंतु महाराष्ट्रातील गावोगावच्या तालमी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना बळ आणि वानर यांचे नाते समजावून सांगावे लागत नाही. तेथे कोनाड्यात मारुती असतो. पैलवान आधी त्याला नमस्कार करतो आणि मग तांबड्या मातीत पाय ठेवतो. बळ आहे, पण ते कोणाचे तरी दास आहे, हेच त्या नमस्कारात सांगितलेले असते.

१५९२ साली नानजिंग येथे ‘शी-यू-ची’, म्हणजे ‘पश्चिमेची यात्रा’, ही शंभर अध्यायांची कादंबरी छापली गेली. ती वू छंग-अन याने लिहिली असे परंपरेने मानले जाते. तिच्यात वानरराज सुन वुकोंग स्वर्गाविरुद्ध बंड करतो, पर्वताखाली ५०० वर्षे दडपला जातो आणि शेवटी भिक्षूचा शिष्य होऊन सुटका मिळवतो. त्याच्या डोक्यावर सोन्याचे कडे चढवले जाते. तो अनावर झाला की भिक्षू मंत्र म्हणतो आणि कडे आवळले जाते. त्याचे सोबती म्हणजे स्वर्गातून हाकलून दिलेला एक डुक्कररूपी सेनापती आणि वाळूच्या नदीतला एक राक्षस. दोघांशी आधी लढाई होते आणि मग दोघेही यात्रेकरू होतात.

या कादंबरीतील एका गोष्टीवर आमचे मन पुन्हा पुन्हा जाऊन थांबते. वुकोंगची एक कोलांटी उडी १,०८,००० ली अंतराची. आणि छांगआनपासून बुद्धाच्या पर्वतापर्यंतचे अंतरही नेमके १,०८,००० ली. म्हणजे वानराला ती यात्रा एका उडीची. मग गुरूला पाठीवर घेऊन एकदाच उडी का मारीत नाहीस, असे डुक्कर त्याला विचारते. वानर सांगतो की ते होणे नाही. सारी संकटे गुरूने स्वतःच सोसली पाहिजेत, आपण फक्त त्याच्या जिवाचे रक्षण करू शकतो. म्हणून एका उडीच्या वाटेला १४ वर्षे लागतात. शेवटी संकटे मोजली जातात तेव्हा ८१ ला एक कमी भरते, आणि तेवढ्यासाठी यात्रेकरूंना पुन्हा खाली टाकले जाते. विनोदाने भरलेल्या त्या ग्रंथाचे सारे गांभीर्य या एका गोष्टीत आहे. बळवंत शिष्याने दुबळ्या गुरूच्या पावलाने चालायचे असते.

पडद्यावरची वाट

कादंबरीतून हा वानर नाटकात गेला आणि तेथून पडद्यावर आला. १९४१ साली, युद्धाच्या छायेतील शांघायमध्ये, वान लायमिंग आणि वान गुचान या भावांनी ‘लोखंडी पंख्याची राजकन्या’ हा चीनचा पहिला पूर्ण लांबीचा चलत्चित्रपट तयार केला. यात्रेची वाट अग्निपर्वताने अडते. तो विझवायचा तर एका राजकन्येकडील जादूचा पंखा मिळवावा लागतो, असा तो प्रसंग. चित्रपटाच्या अखेरीस तिघे शिष्य आणि गावकरी एकत्र येऊन राक्षसाला जेरीस आणतात. परचक्राखाली दबलेल्या प्रेक्षकांना त्या एकजुटीचा अर्थ उमगला असणार.

इतिहासाचा विलक्षण खेळ असा, की आक्रमकांच्या देशातच या चित्रपटाला एक मोठा भक्त मिळाला. ओसामु तेझुका हा जपानी किशोर तो पाहून भारावून गेला. पुढे जपानी चित्रकथेचा जनक म्हणून गौरवला गेलेल्या तेझुका यांनी १९५२ पासून त्याच वानराची चित्रकथा लिहिली. तिच्यावरून १९६० साली चित्रपट निघाला तो तोएईचाच. वृद्धपणी तेझुका वान लायमिंग यांना आदराने भेटले. युद्धाने ज्यांना शत्रू केले त्यांना एका वानराने गुरु-शिष्य केले.

याच परंपरेत तोरियामा आले. त्यांच्यावर हाँगकाँगच्या कुंग-फू चित्रपटांचा, विशेषतः ब्रूस ली आणि जॅकी चॅन यांच्या चित्रपटांचाही, मोठा प्रभाव होता. ‘ड्रॅगन बॉल’च्या आरंभी जुन्या यात्रेची चौकडी सहज ओळखू येते. बुल्मा भिक्षूच्या जागी, ऊलोंग हा डुक्कर, याम्चा हा वाळवंटातला दरोडेखोर. आणि अग्निपर्वतही येतो. बैलराजाचा किल्ला ज्वाळांनी वेढला आहे आणि आग विझवायला जादूचा पंखा हवा आहे. तो ज्याच्याकडे आहे त्या वृद्ध गुरू मुतेन रोशींकडे गोकू जातो. परंतु रोशींनी पंखा केव्हाच फेकून दिलेला असतो. ताटाखाली ठेवायला वापरला, त्यावर रस्सा सांडला आणि टाकून दिला!

मग रोशी स्वतःच पर्वतापाशी येतात, ओंजळ कमरेशी धरतात आणि तळहातांतून तेजाचा लोट सोडतात. आमच्या अंगणातील मुलाने उच्चारलेला शब्द तो हाच, ‘कामेहामेहा’. हवाई बेटे एका छत्राखाली आणणाऱ्या राजाचे हे नाव तोरियामांच्या पत्नीने सुचवले होते. आग विझते, पण आगीबरोबर किल्लाही उडून जातो.

आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे वळण येथे आहे. पंखा दुसऱ्याकडून मागून आणावा लागतो. त्यासाठी नमावे लागते, भांडावे लागते, समेट करावा लागतो. तो पंखा रश्श्याचा डाग पडून कचऱ्यात गेला आणि त्याच्या जागी माणसाच्या देहातून निघणारी शक्ती आली. तिने आग विझवली आणि घरही पाडले. तोरियामांनी हे हसत-हसत काढले आहे. पुढची शेकडो प्रकरणे मात्र त्या शक्तीच्याच मागे धावली.

आम्ही या मालिकेवर अन्याय करू इच्छीत नाही. रोशी आपल्या शिष्यांना शिकवतात ते पाहण्यासारखे आहे. गोकू आणि क्रिलिन यांना ते पाठीवर जड कासव-कवच बांधून घरोघर दूध पोहोचवायला लावतात, हाताने शेत उकरायला लावतात आणि मग पुस्तक घेऊन अभ्यासालाही बसवतात. मुले कुरकुरतात, महिन्यांनी कवच उतरवतात तेव्हा कळते की शिक्षण केव्हाच झाले आहे. स्पर्धेत सहज जिंकून मुलांना गर्व होऊ नये म्हणून म्हातारा वेष पालटून उतरतो आणि अंतिम सामन्यात गोकूला हरवतो. कोणत्याही गुरुकुलाला लाभावा असा हा गुरू आहे.

गोकूच्या शेपटीतही जुन्या कथेचे एक भान उरले आहे. पौर्णिमेचा चंद्र पाहिला की तो भान हरपून महाकाय वानर होतो. अशाच एका रात्री त्याला वाढवणारे आजोबा त्याच्याच पायाखाली चिरडले गेले, आणि त्याला ते ठाऊकही नाही. आवर नसलेले बळ आपल्याच माणसांना आधी मारते, हे यापेक्षा कठोरपणे सांगता येणार नाही. आणि शत्रूचा मित्र होणे, हा या यात्रेचा सर्वांत जुना धागाही तुटलेला नाही. गोकू पिक्कोलोला हरवतो, पण मारीत नाही. तोच पिक्कोलो पुढे गोकूच्या मुलाला वाचवताना स्वतःचा जीव देतो. असहाय पडलेल्या व्हेजिटालाही गोकूच्या विनवणीवरून सोडून दिले जाते. शरण आलेल्याला न मारणाऱ्या महाराष्ट्राची नोंद करणाऱ्या त्या भिक्षूला हे ओळखीचे वाटले असते.

जे हरवले ते निराळेच. ‘झेड’ भागांत यात्रा मागे पडते आणि सामने उरतात. चित्रकथा दर आठवड्याला चालू असतानाच मालिका तयार होत होती. कथेच्या पुढे जाता येत नसल्याने प्रसंग ताणावे लागत. एक ग्रह पाच मिनिटांत फुटणार असे सांगितले जाते आणि ती पाच मिनिटे कित्येक भाग संपत नाहीत. एक शत्रू हरला की त्याहून बलाढ्य दुसरा उभा राहतो. गोळ्यांच्या जादूने मेलेले पुन्हा जिवंत होतात, त्यामुळे मरणालाही वजन राहत नाही. गोकू एका क्षणात हव्या त्या ठिकाणी प्रकट होण्याची विद्याही शिकतो. वुकोंगला जी उडी गुरूसाठी वापरण्यास मनाई होती, ती येथे खुली झाली. कारण आता बरोबर चालणारा दुबळा भिक्षू उरला नाही, आणि ज्याच्यासाठी चालायचे ते पुस्तकही.

तेराशेहून अधिक वर्षांच्या या प्रवासात कथेने खूप काही मिळवले. एकटा भिक्षू होता, त्याला सोबती मिळाले. देशांच्या भिंती ओलांडून तो वानर जगातल्या मुलांचा सखा झाला. वाटेत फक्त एक प्रश्न गळून पडला: हे बळ कोणासाठी? तो प्रश्न मुलांपुढे ठेवणे मालिकेचे काम नसेलही. मग ते काम घरातील मोठ्या माणसांचे आहे, आणि खडसावून ते होत नाही हे आम्ही त्या दुपारी शिकलो.

शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही मुलांना वाळवंटात पाणी सांडलेल्या भिक्षूची गोष्ट सांगितली. तो आपल्या महाराष्ट्रात आला होता हे ऐकून मुले चकित झाली. गोष्ट संपल्यावर, दुपारी गोकू झालेला मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "फादर, त्याच्याबरोबर खरंच कोणी नव्हतं?"

आम्ही म्हणालो, "नव्हतं. म्हणूनच तर लोकांनी त्याला नंतर एक सोबती दिला."